रोज एक पेला, घरच्यांच्या सोबतीने

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. माझी कंबर गेल्या वर्षापासून फक्त खुर्चीत बसण्यापुरती वाकते, तीही तिची मर्जी असली तर.) मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' म्हणावं असं चौथीच्या पुस्तकात होतं आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं, त्यामुळे ते पक्कं लक्षात आहे. पण शहात्तर वर्षांत कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, आता लिहिलं तर तुला वाटेल पत्र शेजारच्यांचं आपल्याकडे आलं. म्हणून तूच. तुझा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र रोज घालतोस की डबीत ठेवून जपतोस? जेवण वेळेवर कर. माझं विचारशील तर मी मजेत आहे. लेकाने नवा चष्मा करून दिला आहे आणि समोरच्या इमारतीतल्या बाईने वाळत घातलेले मोजे मला आता भोकांसकट दिसतात. तिला एकदा सांगावं म्हणते की ते डाव्या पायाचे तीन झालेत.

फोन का केला नाही म्हणशील. मागच्या वेळी केला तेव्हा मी म्हटलं, "शिडी गेला पोहायला," आणि तू विचारलंस, "शिडीवरून कोण गेला?" आणि मी काही बोलायच्या आत माझं सांत्वन करायला लागलास. (शिडी म्हणजे माझा नातू. दोन वर्षांत असा वर गेला की माळ्यावरचं काढायला आता शिडी आणावी लागत नाही, त्यालाच हाक मारतो. तुझ्यावरच गेलाय, मान थोडी पुढे काढून चालतो, दाराची चौकट लागेल अशी सवय झाल्यासारखा.) शिवाय तुझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि जे सांगायचंय ते सगळ्या घराने ऐकण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढते आहे, चष्म्याशिवायही वाचता येईल.

तर झालं काय, की एके सकाळी शाळेतून एक फॉर्म आला. आला म्हणजे शिडीच्या दप्तरात आठ दिवस चुरगळून पडला होता आणि त्या दिवशीच भरून द्यायचा होता. लेक खाली दुकानात गेलेला (आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान आहे, मागच्या वेळी तू आलास तेव्हा बंद होतं म्हणून बघितलं नाहीस, आता मोठी पाटी लावली आहे), सून तिच्या लॅबला गेलेली (रक्त आणि लघवी तपासते, फार हुशार आहे, नुसता रंग बघून निम्मं सांगते), आणि शिडी एका पायात बूट घालून मला म्हणाला, "आजी, तू भर ना. पालक म्हणजे घरातलं कुणीही चालतं." दादा, तुला खरं सांगू, मला इतका आनंद झाला. या वयात आपल्याला सगळे सही करायला सांगतात, इथे कर, तिथे कर. काही लिहायला कुणी सांगत नाही. मी पदराला हात पुसले, टेबलापाशी बसले आणि एकेक अक्षर लावत वाचायला घेतलं. वर लिहिलं होतं, 'पाल्याच्या सवयींविषयी पालकांचे मत'.

पहिले चार प्रश्न मला अगदी सोपे गेले. झोपतो किती वाजता, मोबाइल किती बघतो, मित्र किती, जेवतो का. पाचवा होता, 'आपला पाल्य उत्तेजक पेयांचे सेवन करतो काय?' आता 'सेवन' मला माहीत आहे, औषधाच्या बाटलीवर असतं. 'उत्तेजक' जरा अडलं. पण मग भिंतीकडे नजर गेली. शिडीची पोहण्याची अकरा प्रशस्तिपत्रकं तिथे लावलेली आहेत आणि अकराच्या अकरांवर 'उत्तेजनार्थ' लिहिलंय. त्याच्या पोहण्याच्या सरांनी मला एकदा सांगितलं होतं की पोर पहिलं येत नाही पण जीव तोडून पोहतं, त्याने हिरमुसू नये म्हणून उत्तेजनार्थ देतात. म्हणजे उत्तेजक पेय म्हणजे काय? पोराने हिरमुसू नये म्हणून द्यायचं पेय. मी देते ते कोकोचं गरम दूध याहून वेगळं काय असतं? माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मग मी भराभर लिहिलं. किती वेळा? रोज. प्रमाण? मोठा पेला एक, परीक्षेच्या दिवसांत दोन. कोणाच्या सोबतीने? (तिथे 'एकटा', 'मित्र' आणि 'इतर' असे चौकोन होते, मी 'इतर'पुढे लिहिलं) घरच्यांच्या, म्हणजे आजीच्या. कितव्या वर्षापासून? दात आल्यापासून. आणि शेवटचा प्रश्न होता, 'पाल्य पुढेही असे सेवन करील असे आपणांस वाटते काय?' तिथे जागा थोडी होती तरी बारीक अक्षरात बसवलं, 'नक्की. मी जिवंत असेपर्यंत कमी पडू देणार नाही.'

दुसऱ्या दिवशी शाळेने लेक, सून आणि मला, तिघांनाही बोलावलं.

तिथे मुलांशी बोलायला नेमलेल्या एक बाई असतात. चांगल्या होत्या, आवाज मऊ. त्यांनी फॉर्म समोर ठेवला आणि माझ्याकडे अशा बघत होत्या जशी मी घरात भट्टी लावली आहे. मी सगळं समजावून सांगितलं, कोको किती चमचे, साखर किती. बाई हसल्या, सून हसली, लेक तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तिथेच उठलो असतो तर हे पत्र तुला मी नुसतं हसवायला लिहिलं असतं. पण निघता निघता बाई दारात म्हणाल्या, "आजींचं दूध ठीक आहे हो. पण पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. या वयात कधी ना कधी घेतातच."

बघ दादा, आपल्या भाषेची गंमत. चहा घेतो म्हटलं तर माणूस चहा घेतो, क्लास घेतो म्हटलं तर शिकवतो. पण नुसतं 'घेतो' म्हटलं, पुढे-मागे काही न लावता, की लहान पोरालासुद्धा कळतं काय घेतो. आणि डोळे उघडे ठेवा हे कुणाला सांगायचं? ज्याचा धंदाच डोळ्यांचा त्याला.  लेकाचं हसणं शाळेच्या फाटकाशीच संपलं होतं.

त्याच आठवड्यात जेवताना त्याने शिडीला सांगितलं. रागाने नाही, अगदी प्रेमाने, आणि तेच वाईट. म्हणाला, "हे बघ, तू घेणार हे आम्ही धरून चाललोय. तुझं वयच आहे. फक्त घेतलीस की लपवू नकोस."

शिडी भाताचा घास तसाच धरून म्हणाला, "बाबा, मी घेत नाही."

"हो, आत्ता नाही घेत."

त्या 'आत्ता'कडे माझं लक्ष गेलं. शिडीचंही गेलं. इतर कुणाचं गेलं नाही.

मग रोजचा कार्यक्रम सुरू झाला. शिडी संध्याकाळी पोहून आला की लेक दुकानातली छोटी बॅटरी खिशातून काढायचा आणि त्याच्या डोळ्यांत मारायचा. डोळे लाल. असणारच ना, पोहण्याच्या तलावात औषध टाकतात, त्याने माझा टॉवेलसुद्धा विटला. डोळ्यांचा माणूस, दिवसाला वीस जणांचे डोळे बघतो, त्याला पाण्याने लाल झालेला डोळा कळू नये? पण माणूस एकदा काही शोधायला निघाला ना दादा, की त्याला तेच सापडतं. सुनेचं काम वासाचं. ती त्याचा शर्ट धुवायला घेताना हुंगायची, मग तो जेवायला बसला की मागून केसांवरून हात फिरवायची आणि जरा वाकायची. सोळा वर्षांत तिने इतक्यांदा त्याच्या केसांवरून हात फिरवला नव्हता. पोराला पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं, मी बघितलं.

सुरुवातीला तो चेष्टेवर नेत होता. आईला 'नाक' म्हणायचा, बापाला 'डोळा', आणि मला 'तोंड'. म्हणायचा, "आजी, आपल्या घरात नाक आहे, डोळा आहे, तोंड तर चोवीस तास आहे. कान कुणाला आहेत का बघ." मी खूप हसले. आता आठवलं की हसू येत नाही.

यापुढे मी जे केलं ते तुला सांगायला लाज वाटते, पण तू मला लाजताना पुष्कळ वेळा बघितलंयस. सुनेने एके दिवशी न्हाणीघरात एक छोटी बाटली ठेवली, वर शिडीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. त्यात काय भरायचं ते तुला कळलं असेल, मी लिहीत नाही. शिडी म्हणाला, "मी चोर नाही. मी देणार नाही." दोन दिवस बाटली तशीच. घरात कुणी कुणाशी बोलेना, भांडी मात्र फार बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मनात आलं की एवढीशी बाटली, त्यावरून एवढं घर पेटलंय, आणि मी तर आयुष्यात कोकोशिवाय काही प्यायले नाही. मग माझी दिली म्हणून कुठे बिघडलं? भरली. झाकण लावलं. कुणाला काही बोलले नाही. खुशीत पोळ्या केल्या.

संध्याकाळी सून आली ती पांढरीफटक. दारूचा अंश नव्हता. पण साखर इतकी होती की तिने दोनदा तपासली. सोळा वर्षांच्या पोराला एवढी साखर. पुढचे चार दिवस शिडीला कशात साखर नाही, बिस्किट नाही, आणि तो विचारतोय की मी केलंय काय. पाचव्या दिवशी तिने घरीच त्याच्या बोटातून थेंब काढून बघितला तर सगळं जागच्या जागी. मग ती साखर कुणाची? चौघे टेबलाभोवती बसलो होतो. मी हात वर केला. शाळेत असताना करत होते तसाच.

मला वाटलं हसतील. लेक हसला नाही. शिडीला म्हणाला, "मन साफ असतं तर स्वतःची दिली असतीस. आजीला पुढे केलंस." दादा, त्या पोराला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी सांगितलं, शपथ घेतली, पण माझी शपथ म्हणजे काय, फॉर्म भरणाऱ्या बाईची शपथ. शिडीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानातला चष्मा घालून बघावं आणि मग काढून ठेवावा, तसं.

त्या दिवशी मी दूध घेऊन गेले तर म्हणाला, "नको, आजी." दात आल्यापासून पहिल्यांदा. मी पेला धरून उभी राहिले, तेव्हा हळूच म्हणाला, "मी न लिहिलेला पेपर हे रोज तपासतात आणि रोज नापास करतात. मग एकदा लिहून तरी बघतो." मला वाटलं शाळेचंच काहीतरी बोलतोय. (मी म्हटलं, "लिही बाळा, नीट लिही, अक्षर चांगलं काढ." हे मी म्हटलं, मी.)

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी दुकानात बसले होते. माझ्या चष्म्याची नाकावरची गादी सैल झाली होती. एक निवृत्त पोस्टमन आरशासमोर फ्रेमा लावून बघत होते. दारात दोन पोरं आली, त्यांनी शिडीला आत सोडलं आणि पसार झाली. तो सरळ चालत आला. फार सरळ, चौकटीला मान न वाकवता, कपाळ आपटलं तरी थांबला नाही. आणि तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसला. "घ्या," म्हणाला. "आज आहे. तपासा."

मला वास बाकापर्यंत आला. लेक हातात पेचकस घेऊन तसाच उभा. शिडीने समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सुरुवात केली, मोठ्या 'ट'पासून. एकेक ओळ उतरत गेला, शेवटची, जी मला नव्या चष्म्यानेही दिसत नाही, तीसुद्धा बिनचूक वाचली. मग थांबेचना. पुढे पाटी वाचली, 'घेतलेली फ्रेम बदलून मिळणार नाही'. मग वजनकाट्यावरचं, मग पोस्टमनच्या पिशवीवरचं. आणि लेक, बिचारा, त्याच्या तोंडात गेली बावीस वर्षं एकच वाक्य बसलंय, ते त्याच्या नकळत बाहेर पडलं. "आधी बरं दिसत होतं की आता?"

शिडी म्हणाला, "आधी." मग जरा वेळाने, "पण आधीचं तुम्ही बघितलंच नाहीत."

आणि मग समोरच्या ट्रेमध्ये, नव्या फ्रेमांवर, त्याच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं आलं. पोस्टमन म्हणाले, "मला आता अगदी स्पष्ट दिसतंय," आणि चष्मा न घेताच निघून गेले.

मी शिडीचं कपाळ धरलं. लेक खाली बसून एकेक फ्रेम पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "मला माहीतच होतं." दादा, त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. दुःख होतं, खोटं कशाला सांगू. पण दुःखाखाली आणखी काहीतरी होतं. बरेच दिवस नंबर लागत नव्हता आणि आज लागला, असं. आणि मला एकदम आपले अण्णा दिसले. लेकाचे आजोबा, पण तो चार वर्षांचा असताना गेले, त्याने त्यांचा आवाज कुठून उचलला देव जाणे.

तुला आठवायला नको. तू सतरा वर्षांचा, नुकताच फर्निचरला पॉलिश करणाऱ्याकडे कामाला लागला होतास. बोटं तपकिरी, अंगाला लाखेचा आणि स्पिरिटचा वास. अण्णा रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "तोंड उघड." तू म्हणायचास, "पॉलिशचा वास आहे अण्णा." ते म्हणायचे, "सगळे असंच सांगतात." सहा महिने. मग एका संध्याकाळी तू आलास आणि त्यांनी सांगायच्या आधीच तोंड उघडलंस. मी आईच्या मागे उभी होते. तेव्हाही अण्णा हेच म्हणाले, "मला माहीतच होतं." त्यानंतरची बेचाळीस वर्षं तू जगलास, मी कशाला लिहू. नोकऱ्या गेल्या, वहिनी माहेरी गेली, आली, पुन्हा गेली. मग तू सोडलीस, त्यालाही बावीस वर्षं झाली. अण्णांच्या डोक्यात ते पहिल्यांदा कुणी भरवलं, कोण जाणे.

शिडी त्या शनिवारनंतर आणखी दोनदा पिऊन आला. आता तो बॅटरी निघायची वाट बघत नाही, स्वतःच डोळे मोठे करून उभा राहतो. लेक-सुनेने त्याला लांबच्या एका वसतिगृहात घालायचं ठरवलं आहे, फार कडक म्हणे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. पेटी आणून ठेवली आहे. शिडी नाही म्हणाला नाही. म्हणाला, "तिथे मला कुणी ओळखत नाही, तेवढंच बरं." पोहायला जाणं बंद केलं. भिंतीवरची अकरा प्रशस्तिपत्रकं काढून गादीखाली ठेवली आहेत. मी चादर बदलताना मोजली, सगळी आहेत.

बाकी सर्व क्षेम आहे. हवा बरी आहे. समोरच्या बाईने मोजे शिवले. गुडघ्याला तेल लाव आणि पत्र पोचल्याचं कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र नुसतं खुशालीचं होतं, पण आता लिहितेच आहे तर एक मागते. एक तारखेच्या आधी आठ दिवस इथे ये. लेकाला मी सांगून बघितलं, तो म्हणतो, "आई, तू आता आणखी काही भरू नकोस." तुझं तो ऐकेल. तुला तो लहानपणापासून घाबरतो, पिऊन आलेला मामा त्याने बघितलाय. पण तो मामा पिण्याआधी कसा होता ते त्याने बघितलेलं नाही. तू त्याच्यासमोर बस आणि त्या सहा महिन्यांचं सांग. उंबऱ्यातलं सांग. शिडीलाही जवळ बसव, त्याला उपदेश करू नकोस, तो काय म्हणतो ते ऐक. घरात कान नाहीत असं तो म्हणायचा, म्हणून मी तुला बोलावते आहे. (तुझ्याही कानात यंत्र घालावं लागतं हे मला माहीत आहे. ते घालून ये. डबीत आणू नकोस.)

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तू जे सांगशील ते अर्धंच असेल दादा, कारण अर्धं तुला माहीत नाही. अण्णांना मी सांगितलं होतं. मी बारा वर्षांची होते. तू मला पॉलिश केलेली लाकडी पेटी आणून देणार होतास, रिबिनी ठेवायला, आणि तिसऱ्यांदा विसरलास. मी रुसले आणि अण्णांच्या पानावर वाढता वाढता म्हटलं, "दादाच्या अंगाला कसलातरी वास येतो." कसला ते मला माहीत होतं. तू मला त्या दुकानात नेलं होतंस, मी डबा उघडून हुंगलासुद्धा होता. मी 'पॉलिशचा' म्हणायला हवं होतं. 'कसलातरी' म्हटलं. एका शब्दाचं अंतर होतं. पुढच्या आठवड्यात तू पेटी आणलीस. ती माझ्याकडे अजून आहे, बटणं ठेवते तिच्यात. लेकाला हेही सांग. मी समोर बसेन, उठून जाणार नाही.

ता. क. तिसरा. शिडीच्या खोलीबाहेर स्टुलावर मी अजून रोज पेला ठेवते. रोज सकाळी भरलेला असतो, वर साय. टाकवत नाही म्हणून मीच पिते, साखरेसकट. (सुनेला बोलू नकोस, बाटलीतल्या साखरेचं कारण ती शोधतेच आहे.) काल सकाळी पेला अर्धा होता. त्याने प्यायला की मांजराने, मी विचारलं नाही. मांजराच्या मिश्याही बघितल्या नाहीत.

ता. क. शेवटचा. तू सोडल्यापासून बावीस वर्षं जेव्हा जेव्हा आमच्या दारात आलास, तेव्हा मी पुढे येऊन तुझ्या खांद्याला डोकं लावते. तू सगळ्यांना सांगत असतोस की धाकटीला माझी फार माया. माया आहे रे. पण मी दर वेळी वास घेत होते. एकदाही आला नाही. मागच्या वेळी तू खांदा जरासा पुढे केलास, मला सोपं जावं म्हणून. तेव्हा मला कळलं की तुला माहीत आहे. तरी तू कधी बोलला नाहीस. या वेळी ये. मी दारात असेन, डोकंही लावेन, पण श्वास रोखून. किती वेळ रोखता येईल या वयात ते सांगता येत नाही, म्हणून जिना जरा लवकर चढ.